सासूबाईंनी बांधलेली कलमं

आमच्या गावाकडे निवडुंग कुणी लावत नसे. तो असायचाच. मी माणदेशातली. तिथे बांधाला, ओढ्याकाठी, देवळामागे फड्या निवडुंगाची बेटंच्या बेटं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला लाल बोंडं धरायची. ती काठीनं पाडायची, मातीत घोळसून त्यांची कुसं काढायची आणि फोडून खायची. घरी गेल्यावर आई आधी जीभ बाहेर काढायला लावायची. लाल दिसली की पाठीत धपाटा, कारण एकदा राहिलेल्या कुसांनी माझा ओठ वड्याएवढा सुजला होता. त्या बोंडांच्या आधी येणारं पिवळं फूल मात्र मी कधी धड पाहिलं नव्हतं. लक्ष सगळं खाण्याकडे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी टायपिंगची परीक्षा पास होऊन बोईसरला आले. माझा थोरला भाऊ तिथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता. त्यानंच मला एका रंगाच्या कारखान्यात, ऑफिसात, टायपिस्ट म्हणून चिकटवलं. बोईसर तेव्हा सगळं अर्धवट बांधलेलं होतं. नवे कारखाने, नव्या चाळी, भाड्याच्या खोल्या आणि तिन्ही पाळ्यांच्या बसगाड्या. शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या माणसाचा हात पाहून कळायचं की तो आमच्या कारखान्यातल्या कुठल्या खात्यात आहे. निळा हात, लाल हात, कुणाचा कोपरापर्यंत हळदीसारखा पिवळा.

ऑफिसशेजारी प्रयोगशाळा होती. तिथल्या केमिस्टसाहेबांनी खिडकीत पाच छोट्या कुंड्या ठेवल्या होत्या. पाचही कॅक्टस, म्हणजे निवडुंगच, पण असले निवडुंग मी पाहिले नव्हते. एक बोटासारखा, एक उशीत टोचलेल्या टाचण्यांसारखा, आणि एक लिंबाएवढा गोल. त्याला सोनेरी मऊ काटे आणि डोक्यावर पांढरी लोकर. साहेबांची बदली झाली तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी तो ट्रे उचलून माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला.

"तुमच्या गावाकडे हे उगवतं म्हणालात ना? मग सांभाळा."

"पाणी किती घालू, सर?"

"आठवण झाली की घालायचं नाही. विसरलात आणि मग आठवलं, तर थोडं घालायचं."

एवढंच त्यांचं बागकाम-शिक्षण. ते गेले, आणि त्याच वर्षी माझं लग्न झालं.

लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. नवरा त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. घर त्यांचं माहीमचं, केळव्याजवळच्या माहीमचं. तिथे समुद्राकाठी नारळ-सुपारीची, पानवेलींची वाडी. वाडी दीर बघायचे. माझ्या सासूबाईंचं माहेर डहाणूच्या बाजूला, चिकूच्या बागायतीतलं. त्या बाईनं जन्मभर हिरव्यागार सावलीत काम केलेलं, आणि मुलानं पसंत केली ती घाटावरची, दुष्काळी मुलुखातली टायपिस्ट. लग्नाला त्यांनी विरोध केला नाही. मानपानही सगळं केलं. पण मला त्या 'तुमी' म्हणायच्या. पाव्हणीला म्हणतात तसं. "तुमी बसा." "तुमी जेवून घ्या." माहीमला गेलं की मी त्या घरात दोन-दोन दिवस पाव्हणीच असायची. त्या भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बोईसरला आम्ही दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. पुढे अरुंद गॅलरी. कॅक्टसचा ट्रे मी तिथे ठेवला आणि पहिल्याच वर्षी शहाणपणा केला. निवडुंग वाळवंटातला, त्याला वाळू हवी, असं मनाशी ठरवलं आणि रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो असताना पिशवीभर पांढरी वाळू आणली. पाचही कुंड्या त्या वाळूनं सजवल्या. काय देखण्या दिसत होत्या! महिन्याभरात बोटासारखा होता तो पिवळा पडून आडवा झाला. टाचण्यांची उशी आतून पोकळ झाली. मी पाणी कमी केलं, मग बंद केलं. तिसराही गेला.

पुढच्या वर्षी आमची मुलगी झाली. माझी रजा संपत आली तेव्हा तिला सांभाळायला सासूबाई माहीमहून आल्या. पत्र्याची ट्रंक, नारळाचं पोतं आणि त्यांची स्वतःची विळी. दुसऱ्या कुणाच्या विळीवर त्यांचा हात बसत नसे. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी नातीला बघितलं, स्वयंपाकघर बघितलं आणि गॅलरीच्या दारात थबकल्या.

"हे काय ठेवलंय?"

"कॅक्टस आहेत, आई. निवडुंगातलाच प्रकार."

"काटं घरात ठेवत नाय कुणी. काटं असले की घरात भांडणं होतात."

मी म्हटलं, "आपण कुठे भांडतो?"

हे मी अगदी सरळ मनानं म्हटलं होतं.  सासूबाईंनी खाली वाकून कुंडीतली चिमूटभर वाळू उचलली आणि जिभेवर ठेवली.

"खारी हाय. समुद्राच्या वाळूत काय उगवतं? मर्यादवेल उगवते. दुसरं काय नाय."

त्यांनी उरलेल्या दोन कुंड्या उचलून जिन्याच्या वळणावर, घराबाहेर नेऊन ठेवल्या. पण तिथे बसून त्यांनी ती वाळू काढून टाकली होती आणि चुलीतली राख, विटांचा चुरा आणि माती मिसळून भरली होती. हे मला चार दिवसांनी कळलं, वरच्या मजल्यावरच्या बाईकडून. ती उत्तर प्रदेशातली होती. तिचा नवरा कापडाच्या गिरणीत कामाला. येता-जाता ती कुंड्यांकडे संशयानं बघायची.

"भाभी, इसमें फूल आता है क्या?"

"आता होगा," मी म्हटलं.

"होगा?"

"मैंने देखा नहीं अभी तक."

ती हसत वर गेली. मला मनातून लागलं. तिचं बरोबर होतं. फूल न पाहता मी दोन वर्षं कुंड्या सांभाळत होते.

पालघरकडचा पाऊस निवडुंगाला मानवत नाही. जूनपासून भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही. जिन्यात पावसाचं पाणी पडत नव्हतं, पण हवाच भिजलेली. जुलैत एका सकाळी कामावर निघताना मी वाकून बघितलं, तर माझा सोनेरी लिंबू बुडाशी तपकिरी झालेला. बोट लावलं तर आत रुतलं. एव्हाना तो मोसंब्याएवढा झाला होता. मी तो घेऊन घरात आले आणि मोरीत टाकायला गेले. तिथे उभी राहून रडायलाच लागले. एका काटेरी गोळ्यासाठी रडतेय याचीच लाज वाटत होती, आणि त्यामुळे रडू जास्त येत होतं. खरं तर नोकरी, तान्ही मुलगी, ओले लंगोट, सगळंच साठून आलं असणार.

सासूबाई मासे चिरत बसल्या होत्या. म्हणाल्या, "इकडं आण."

मी नेऊन दिला. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, विळीचं पातं राखेनं घासून धुऊन घेतलं आणि निवडुंग खालून कापला. सुपारी कातरावी तशी एक चकती, मग दुसरी. सगळं काळं, वास मारणारं. तिसऱ्या चकतीत कडेला हिरवं दिसलं. चौथीनंतर कापलेला भाग एकसारखा स्वच्छ, हिरवट पांढरा, काकडीसारखा. मधोमध एक नीट गोल कडं.

"वरचं जितं हाय," त्या म्हणाल्या. "रडतेस काय? तू जा कामाला. बस जाईल."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं.

संध्याकाळी आले तर कापलेला तुकडा राखेत बुडवून चुलीच्या वरच्या फळीवर उताणा ठेवला होता. "आठ दिवस उपाशी राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पण ह्या हवेत त्याला मुळं फुटायची नाय. ह्याचं कलम करायला पायजे." मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या वाडीत चिकूची कलमं त्या स्वतः बांधायच्या. चिकूचं झाड स्वतःच्या मुळावर तितकं जोमानं वाढत नाही, म्हणून रायणीच्या रोपावर त्याची फांदी बांधायची. रायण चिवट. ती जमीन धरते, चिकू फळं देतो. लग्नाआधी पन्नास-पन्नास कलमं बांधलेला हात होता त्यांचा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. तो म्हणाला, "आई, तू कधी बोलली नायस!"

"तू कधी विचारलंस?"

आता खाली लावायला चिवट निवडुंग हवा. जवळच्या कुंपणाला तीनधारी निवडुंग होता, शेराच्या जातीचा. नवऱ्यानं त्याची फांदी आणली. सासूबाईंनी ती कापली तर भळाभळा पांढरा चीक आला. तरीही त्यांनी वर दुसऱ्या कुंडीतल्या कॅक्टसच्या बुडाशी फुटलेलं एक पिल्लू बसवून पाहिलं. चार दिवसांत ते वाळून गळून पडलं. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले.

"ह्याला दूध हाय, त्याला नाय. दिसायला सारखे, पण गोत वेगळं. जमायचं नाय." मग थोडा विचार करून, "दातिवऱ्याला चल."

दातिवऱ्याला त्यांची एक जुनी मैत्रीण राहायची. कोळीण. पूर्वी सुकट-बोंबील घेऊन माहीमला यायची, तेव्हापासूनची ओळख. रविवारी आम्ही निघालो. मी, सासूबाई आणि कडेवर सहा महिन्यांची मुलगी. सफाळ्यापर्यंत गाडीनं, पुढे एसटीनं. पाऊस थांबून थांबून पडत होता. दातिवऱ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या, माणसं पडवीत बसून जाळी विणत होती. मैत्रिणीच्या घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडांच्या सुक्या बांधावर, हा एवढा फड्या निवडुंग! माझ्या गावच्या बांधावरचाच. इतक्या दूर, समुद्राला लागून, चिंब भिजलेला आणि मजेत.

"मांजरांसाठी लावलाय," मैत्रीण म्हणाली. "सुकत घातलेल्या म्हावऱ्यावर येतात मेली. ह्याचे फडे आजूबाजूला टाकले की पाय ठेवत नाय. तुला कशाला गो पायजे?"

सासूबाईंनी माझ्याकडे मान केली. "हिच्या झाडाला आधार द्यायचाय."

"अगो बाय, काट्याला काट्याचा आधार? न्या टोपली भरून!"

आम्ही खरंच टोपली भरून आणली. येताना एसटीत आमच्या बाकावर तिसरं कुणी बसलं नाही.

कलम बांधताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. सासूबाईंनी एक फडा कुंडीत रोवून त्याचा वरचा भाग आडवा कापला, राखेतल्या तुकड्याची वाळलेली चकती काढून तो ताजा केला आणि लगेच एकावर एक बसवला. "घाई करायची. वारा लागला की कातडी धरते." गाभ्यातलं कडं गाभ्याला लागेल असं त्यांनी तो किंचित सरकवून घेतला. "शिरा शिरांना भेटल्या पायजेत." मग जुन्या सुती लुगड्याची पट्टी काढून कुंडीखालून वर आणून, काट्यांमधून वाट काढत बांधली. घट्टही नाही, सैलही नाही. मुलीचा लंगोट बांधायच्या तसं.

पंधरा दिवसांनी पट्टी सोडली. निवडुंग जागचा हलला नाही. दिसायला मात्र मोठा गमतीदार. चपट्या हिरव्या फड्यावर सोनेरी गोळा, जणू कुणी लाडू तळहातावर धरून उभं आहे. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "यह क्या हो गया इसको?" सासूबाई मराठीत म्हणाल्या, "ऑपरेशन." तिला ते बरोबर कळलं.

त्यानंतर कुंड्या जिन्यात राहिल्या नाहीत. नवऱ्यानं बॉयलरच्या अस्तराच्या फुटक्या विटा भंगारातून मागून आणल्या, रीतसर गेटपास करून. त्या गेटपासवर मीच टाइप केलं होतं: 'फुटक्या विटा, एक पिशवी, निवडुंगाकरिता.' सही करणारे साहेब दोनदा वाचून गालात हसले. घरमालकानं गच्चीचा एक कोपरा दिला. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर बांधलं, म्हणजे वरून ऊन येईल, पाऊस येणार नाही, आणि चारी बाजूंनी वारा खेळेल. काटे घरात नको म्हणणाऱ्या सासूबाई रोज सकाळी नातीला कडेवर घेऊन गच्चीवर जायच्या.

दीड वर्षानंतर, मार्चच्या सुरुवातीला, सोनेरी गोळ्याच्या डोक्यावरच्या लोकरीतून तीन तपकिरी केसाळ कळ्या वर आल्या. आधी आम्हाला वाटलं पिल्लं आहेत. मग त्या लांब झाल्या. मी रोज कामावर जाण्याआधी वर जाऊन बघायची. एका गुरुवारी कळ्यांच्या टोकाला पिवळी रेघ दिसली. तशीच मी ऑफिसला गेले.

साडेअकराच्या सुमाराला मी एक लांबलचक निविदा टाइप करत होते. तेवढ्यात गेटवरचा रखवालदार धावत आला. "मॅडम, आपकी सास आई है. जल्दी चलिए. अंदर आने की ज़िद कर रही है."

 मुलीला काही झालं, याशिवाय दुसरं काय असणार? मी धावले. गेटवर रिक्षा उभी. रिक्षात सासूबाई, एका मांडीवर मुलगी, दुसऱ्या मांडीवर कुंडी. दुसरा रखवालदार समोर उभा राहून विचारत होता, "माताजी, पर यह है क्या?"

"फूल हाय! दिसत नाय?"

दिसत नव्हतंच. तिन्ही कळ्या मिटलेल्या होत्या.

"अगं, आत्ता उघडलेलं!" सासूबाई मला बघून म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका पडला की मला मुलीला घ्यायचंही सुचेना. "एवढं मोठं! वाटीएवढं. मी म्हटलं संध्याकाळी मिटेल, तू घरी येशील तेव्हा काय बघशील? इतकी वर्षं वाट बघितलीस. म्हणून रिक्षा केली."

"आई, रिक्षात सावली आहे ना. उन्हात ठेवून बघू या."

हे मला कसं सुचलं कोण जाणे. गेटपासच्या खिडकीसमोर सिमेंटचा कट्टा होता, तिथे लख्ख ऊन पडलं होतं. कुंडी तिथे ठेवली आणि आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. माणसं बाहेर येऊ लागली, निळ्या हातांची, लाल हातांची. गेटवर सासू, सून आणि रखवालदार एका कुंडीकडे बघत उभे आहेत म्हटल्यावर थांबू लागली. नवराही आला, घामानं निथळत.

आणि ते उघडलं. झटक्यात नाही. पण नजर काढून पुन्हा बघावं तर प्रत्येक वेळी थोडं जास्त. पाकळ्या पिवळ्या, नव्या रेशमी खणासारख्या चमकणाऱ्या, आणि मधोमध लालभडक ठिपका. एक झालं, मग दुसरं, मग तिसरं. खालचा काटेरी गोळा पूर्ण झाकला गेला.

लाल हाताचा एक कामगार म्हणाला, "क्या कलर है!" हा माणूस दिवसभर रंगाच्या पिंपांत उभा असायचा. मला ती दाद फार मोठी वाटली.

मी सासूबाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, पण लगेच नाही. "जा आता," म्हणाल्या, "साहेब ओरडंल."

यातली खरी गंमत दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी मिटलेली ती फुलं शुक्रवारी सकाळी दहाला पुन्हा उघडली. शनिवारीही, आणि रविवारी तर मी गच्चीवर चटई टाकून चारी बाजूंनी बघितली. ती चार दिवस टिकतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रिक्षा करायची काही गरजच नव्हती. सासूबाई या गोष्टीवर कितीतरी वर्षं स्वतःच हसायच्या आणि पाहुण्यांना स्वतःच सांगायच्या.

त्या फक्त मुलगी चालायला लागेपर्यंत राहणार होत्या. ती शाळेत जायला लागली तरी राहिल्या. अधूनमधून महिनाभर माहीमला जायच्या, पानवेलींवर नजर फिरवून यायच्या. गच्चीवरच्या कुंड्या वाढत गेल्या. कुणाचं गावाहून आणलेलं, कुणाचं बदलीमुळे सोडून गेलेलं, कुणाचं सडलेलं. सासूबाईंना शास्त्रीय नावं माहीत नव्हती, मलाही नव्हती. आमची नावं आमचीच. म्हातारा, फणस, उंदराची शेपटी, पोलीस.

नव्वदच्या पुढे-मागे पालघरला एका शाळेच्या हॉलमध्ये फुलांचं प्रदर्शन भरलं. माझ्या ऑफिसातल्या एकीनं फॉर्म आणून दिला. आम्ही आमचा लाडू, म्हणजे तोच सोनेरी गोळा, नेला. एव्हाना तो नारळाएवढा झाला होता आणि त्याला अकरा कळ्या होत्या. सकाळी नऊला टेबलावर मांडला. शेजारी गुलाब, शेवंती, डेलिया, सगळे आपापल्या परीनं नटलेले. आमचा मात्र नुसता काटेरी गोळा, वर केसाळ गाठी. हॉलला उंच, लहान खिडक्या. उन्हाचा कवडसासुद्धा नाही.

परीक्षक अकराला येणार होते. पावणेअकराला सासूबाईंनी कुंडी उचलली.

मी म्हटलं, "आई, नियमात लिहिलंय, मांडलेलं हलवायचं नाही."

"नियम वाचून ते उघडणार हाय?"

आणि त्या चालू लागल्या. मैदानात झेंड्याच्या चौथऱ्यावर कुंडी ठेवून पदर डोक्यावर घेऊन शेजारी बसल्या. माझी मुलगी, दहा-अकरा वर्षांची, लाजेनं हॉलच्या खांबामागे. मी मध्येच, धड ना आत ना बाहेर.

मुख्य परीक्षक एक निवृत्त शिक्षक होते, वनस्पतिशास्त्राचे. काठी टेकत आले, टेबलांवरून फिरले, आमच्या रिकाम्या जागेपाशी थांबले. नोंदवहीत काहीतरी लिहून पुढे गेले. आमचा निकाल तिथेच लागला. पण हॉलमधली माणसं हळूहळू कमी व्हायला लागली. गुलाब बघायला आलेले लोक दारातून बाहेर बघायचे आणि बाहेरच जायचे. शेवटी कुठे चाललेत सगळे म्हणून ते गुरुजीही बाहेर आले. चौथऱ्याभोवती घोळका. तो त्यांच्यासाठी बाजूला झाला. अकराच्या अकरा फुलं उघडली होती. कुंडीचं तोंड दिसत नव्हतं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग काठी बाजूला ठेवून ते चौथऱ्याच्या पायरीवर चक्क बसले.

"कलम कुणी केलं?"

"मी."

"कशानं कापलंत?"

"विळीनं."

गुरुजी हसले. "बाई, बक्षीस देता येणार नाही मला. जागेवरून हलवलंत."

"नका देऊ. पण तुमचं टेबल चुकीच्या जागी हाय."

घोळक्यात हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गुरुजींनी मात्र मान डोलावली आणि मागे उभ्या असलेल्या आयोजकाला म्हणाले, "लिहून घ्या. पुढच्या वर्षी निवडुंग बाहेरच्या पायऱ्यांवर." आणि पुढच्या वर्षी ते खरंच पायऱ्यांवर मांडले. सासूबाईंना कलम करून दाखवायला बोलावणं आलं. त्या विळी घेऊनच गेल्या. शाळेच्या हॉलमध्ये पाट टाकून, पाय दुमडून बसून त्यांनी तीन कलमं बांधली. पुढे खुर्च्यांवर बसलेल्यांना काही दिसेना, म्हणून सगळे खाली येऊन गोल करून बसले.

मग रविवारी आमच्या गच्चीवर माणसं यायला लागली. पालघरहून, तारापूरहून, कधी डहाणूहूनही. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सडलेलं. सासूबाई हाताला फडकं गुंडाळून तयार. वरच्या मजल्यावरची बाई सगळ्यांना चहा द्यायची आणि स्वतःच्या पाच कुंड्या दाखवायची.

एका पावसाळ्यात असेच गुरुजी आले. जिने चढून धाप लागलेली. त्यांनी पिशवीतून डबा काढला, डब्यातून कॅक्टस. मान खाली घालून म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की मुळाशी पाणी साठू देऊ नये."

सासूबाईंनी बोटांनी दाबून पाहिलं. "उशीर केलात, मास्तर."

"काहीच राहिलं नाही का?"

त्या कापत गेल्या. एक चकती, दुसरी, पाचवी, सहावी. सगळं काळं. गुरुजींनी बघायचं सोडून दिलं होतं, समुद्राच्या दिशेला तोंड करून उभे होते. शेवटी सुपारीएवढा तुकडा उरला, तोही एका कडेनं तपकिरी. सासूबाईंनी ती कड नखानं कोरून काढली आणि उरलेला भाग कोवळ्या फड्यावर बसवून दोऱ्यानं बांधला. "घेऊन जा. रोज हात लावून बघू नका. आणि पडलं तर माझ्याकडं परत आणू नका, मला वाईट वाटंल."

गुरुजी परत आले नाहीत. वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. आम्ही समजायचं ते समजलो आणि त्यांचा विषय काढेनासे झालो. मग एका फाल्गुनात पालघरच्या शिक्क्याचं पोस्टकार्ड आलं, सासूबाईंच्या नावानं. त्यांना आयुष्यात आलेलं बहुधा पहिलंच. माझ्या मुलीनं वाचून दाखवलं. मजकूर एवढाच होता: 'आज दहा वाजून पन्नास मिनिटांनी एक फूल उघडलं. रंग गुलाबी. आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात खुर्च्या टाकून बसलो आहोत.'

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

मुलीनं पुन्हा वाचलं. त्यांनी पोस्टकार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं, पदराला पुसलं आणि नारळाच्या पोत्यावरच्या भिंतीला, खिळ्यात अडकवलं. मग म्हणाल्या, "गुलाबी म्हणजे कसलं, ते बघायला पायजे. जाऊ या रविवारी. आणि जाताना रिकाम्या हातानं नको, पोलिसाचं एक पिल्लू काढून ठेव."